तुषारच्या झावळीची राख

"झिरो बघा," जयमाला म्हणाली आणि नेहमीसारखं माणसाकडं न बघता मीटरकडं बघत राहिली. नगरच्या बायपासवरच्या त्या पेट्रोल पंपावर लागल्यापासून हे दोन शब्द तिच्या तोंडून इतक्या वेळा गेले होते, की आता ते थुंकीसारखे आपोआप यायचे. माणसांची तोंडं बघायचं तिनं सोडूनच दिलं होतं. माणूस ओळखायला तिला तोंड लागायचंच नाही, नखं पुरायची. गवंड्याची नखं पांढरट, ऊसतोडीवाल्याची काळी आणि फुटकी, पुढाऱ्याच्या पोराची करंगळी लांब ठेवलेली. ह्या माणसानं गाडी ढकलत आणली होती. हँडलवर त्याचा हात होता आणि अंगठ्याचं नख मुळापासून काळंनिळं, मधोमध चिरलेलं. हे नख तिनं आधी बघितलं होतं. कुठं? बशीच्या कडेवर. तिच्याच घरातल्या, गुलाबी फुलाच्या बशीच्या कडेवर. तिनं वर बघितलं. सूर्यभान. आणि सूर्यभानच्या कपाळावर राख.

एका अंगठ्याचा दाब, उभा आणि आडवा. काळा बारका क्रूस, घामानं एका अंगाला ओघळलेला. रांगेतल्या बाकीच्यांना तो ग्रीसचा डाग वाटला असेल. सूर्यभाननंही तिला ओळखलं आणि त्याचा हात हँडलवरून निसटला.

"जयू... तू हितं असती व्हय? मला ठावं नव्हतं. ठावं असतं तर..."

"झिरो बघितला का?"

"बघितला."

तो मीटरकडं बघतच नव्हता. तिनं नोझल टाकीत घातलं आणि दाबलं. टाकीतून तो थरथरता वास वर आला, डोळ्यापुढची हवा पाण्यासारखी हलायला लागली आणि त्या हलत्या हवेतून ते कपाळ लांब गेलं, जवळ आलं, लांब गेलं. कपाळावर काय लागलंय हे तिला नीट कळत होतं आणि कळू नये असंही वाटत होतं. मग पायावर गार काहीतरी आलं. पेट्रोल टाकीच्या तोंडातून उतू जाऊन तिच्या चपलेत शिरलं होतं.

"ये बाई!" ऑफिसच्या दारातून कानिफनाथ ओरडला. हा पंपाचा मॅनेजर, सगळ्यांवर ओरडायचं म्हणून ओरडणारा. "पेट्रोलनं पाय धुवायचा पगार देतो का तुला? ध्यान कुठंय?"

"पायाखाली हाय!" ती तितक्याच मोठ्यानं म्हणाली. रांगेतले दोघं हसले. सूर्यभान हसला नाही. खिशातून चुरगळलेली नोट काढून त्यानं मशीनवर ठेवली, तिच्या हातात दिली नाही. गाडी चालू केली आणि गेला. अगदी सावकाश. ढोराच्या मागं चालावं इतक्या सावकाश.

राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. आज. पहाटेच्या अंधारात ती स्कूटीवर निघाली तेव्हा आई कोपऱ्यात केस विंचरत होती आणि सकाळच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, जायचं म्हणत होती, पण जयमालाच्या डोक्यात तेव्हा शिफ्टच होती. राख. राख कशाची असते हे ती लहानपणापासून बघत आलेली. गेल्या साली झावळ्यांच्या रविवारी जी शिंदीची पानं हातात धरून सगळे चर्चला फेरी घालतात, ती पानं घरोघर येशूच्या फोटोमागं वर्षभर खोचून ठेवतात. वाळतात, तांबूस होतात, त्यांच्यावर पालीची लेंडी पडते. आणि उपवासकाळ तोंडावर आला की फादर रविवारी सांगतात, जुन्या झावळ्या आणा. मग चर्चच्या मागं घमेल्यात त्या जाळतात, सिस्टर ती राख चाळणीनं चाळतात, आणि बुधवारी तीच राख सगळ्या गावाच्या कपाळाला. सगळ्या घरांची एक राख. कुणाच्या कपाळाला कुणाच्या घरची, ते देवालाही वेगळं करता यायचं नाही.

गेल्या साली झावळ्या तोडायला तिचा भाऊ तुषारच गेला होता. दरसाली तोच जायचा. त्यांच्या गावाच्या, घोडेगावच्या, खालच्या अंगाला ओढ्यात शिंदीची झाडं आहेत, काट्यांनी हात फाडणारी. दुसरं कुणी जायला मागायचं नाही आणि तुषार मात्र गाणं म्हणत जायचा आणि रक्ताळलेले हात घेऊन गाणं म्हणत यायचा. मग ओट्यावर बसून पानांचे बारके क्रूस विणायचा, आजूबाजूच्या पोरांना वाटायचा. जयमालाच्या वाट्याचा विणताना एक बाजू आखूड झाली. "हे काय? ह्याचा एक हात लुळाय," ती म्हणाली. तो म्हणाला, "मग तुझ्यासारखंच झालं की. एका अंगानं वाकडं." तिनं तो फेकून मारला. त्यानं उचलला, फुंकला आणि फोटोच्या मागं खोचला. "राहू दे आगपेटे. लागंल कधी." आगपेटी म्हणायचा तो तिला. दहावीत सरांनी सगळ्या वर्गापुढं तिच्या वहीवरून टिंगल केली आणि तिनं कंपासपेटी त्यांच्या टेबलावर आपटली, वही उचलली आणि घरी आली ती आलीच, तेव्हापासून. आईनं डोकं धरलं होतं. तुषारनं नाही. पंपावरची नोकरी त्यानंच लावून दिली आणि तिथल्या बोर्डाकडं बोट दाखवून म्हणाला होता, हितं पेटू नको बरं का, निम्मं नगर जाईल.

शिफ्ट संपेपर्यंत तिनं किती गाड्या भरल्या, काय माहीत. प्रत्येक कपाळ ती बघत होती. कुंकवाची, घामाची, टोपीची, बुक्क्याची. सगळी कपाळं स्वच्छ वाटत होती. आणि आत एकच गोष्ट गिरणीच्या पट्ट्यासारखी फिरत होती: आईनं दिली नसेल. फोटोमागची ती वाकडी झावळी आईनं दिली नसेल. रविवारी फादरनी मागितली तेव्हा जयमालानं आईकडं बघितलं होतं आणि आई खाली बघत होती. घरी येऊन जयमाला म्हणाली होती, आपली द्यायची न्हाई. आई काही बोलली नव्हती. आई बोलत नाही तेव्हा तिनं ऐकलेलं असतं, असं जयमाला समजत होती.

घोडेगावच्या रस्त्याला ऊस चाललेला होता. एकामागं दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, कपड्यातून फुटून बाहेर आलेल्या माणसासारखा चहूबाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागं ना लाल दिवा ना काही. असल्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागं आली की ती वेग कमी करायची. ट्रॉली नव्हे, ट्रॉलीनं मागं काय ठेवलंय ते ती बघायची. कारण तुषार ट्रॉलीला धडकला नव्हता. नाताळाच्या आधी, दिवे लागायच्या वेळेला, तो नगरहून कागदी चांदणी घेऊन येत होता. चर्चच्या दारावर लावायची मोठी चांदणी, तिच्या काड्या पाठीमागं बांधलेल्या. रस्त्यात धोंडा होता. टायर पंक्चर झालं, की ट्रॅक्टरवाले जॅक लावतात आणि ट्रॉली मागं सरू नये म्हणून चाकामागं धोंडा लावतात. चाक बसलं की जॅक काढतात, कारण जॅक स्वतःचा असतो. धोंडा कुणाचाच नसतो. तो तिथंच राहतो. त्या दिवशीही राहिला. तुषारच्या गाडीचं पुढचं चाक त्याच्यावर चढलं आणि तुषार मोरीच्या कठड्यावर गेला. पोलिसांच्या कागदावर लागलं, गाडी घसरून मयत. लोक म्हणाले, पोरगं जोरात असंल. आणि तिथंच सगळं मिटलं असतं. कुणालाही काही कळलं नसतं.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी सूर्यभान घरी आला. त्यांच्याच चर्चमधला, ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीवरचा, तुषारला लहानपणी खांद्यावर घेऊन गुड फ्रायडेच्या क्रुसाच्या वाटेला फिरवणारा सूर्यभानमामा. कारखान्याच्या ट्रॅक्टरवर होता. दारात चप्पल काढली, आत आला, खाली बसला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "लंकाबाई, धोंडा माझा हुता." मग त्यानं ते परत सांगितलं, सगळं, पंक्चरपासून. चाक बसवताना अंगठा कसा चेमटला, त्या नादात धोंडा कसा राहिला, पुढं गेल्यावर आठवलं, पण मागं लाईन लागली होती, वळवता येईना, मग म्हणला जाऊ दे. "जाऊ दे म्हनलो मी," तो म्हणाला. "ह्या तोंडानं म्हनलो." आई उठली. जयमालाला वाटलं, आता ती त्याच्या थोबाडात देईल. आईनं स्टोव्ह पेटवला. चहा ठेवला. गुलाबी फुलाच्या कपबशीत ओतून त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "घे. गार हुईल." त्यानं तो काळानिळा अंगठा बशीच्या कडेवर ठेवला आणि बशी वाजायला लागली. कडकडकड, थंडी भरल्यासारखी. जयमालानं ती बशी त्याच्या हातातून ओढली आणि चहासकट अंगणात भिरकावली. "निघ," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या घरात चहा पितो? निघ!" आई म्हणाली, "जये." एवढंच. तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी जयमाला त्या मोरीपाशी गेली. धोंडा कडेला ढकललेला होता. एका बाजूला ग्रीस, एका कोपऱ्याला तुषारच्या गाडीचा लाल रंग, नखभर. तिनं तो स्कूटीच्या पाय ठेवायच्या जागेवर चढवला आणि घरी आणला. का आणला ते तिला सांगता आलं नसतं. असा एक पुरावा, जो कुणाला दाखवायचा नव्हता. मागच्या दारी टाकला. आठ-पंधरा दिवसांनी बघते, तर आईनं त्याच्यावर पाण्याची घागर ठेवलेली. "कलंडत हुती," आई म्हणाली. "ह्याच्यावर बसती बरूबर." त्या दिवसापासून जयमाला त्या घागरीतलं पाणी पीत नव्हती.

घरात शिरली ती थेट फोटोपाशी गेली. फोटोच्या मागं हात घातला. जाळी. धूळ. खिळा.

"आये."

लंकाबाई निवडत बसली होती. सुपात डाळ, कपाळावर राख. तिच्या राखेचा क्रूस नीट उमटलेला होता, ओघळलेला नव्हता, आणि त्याच्याखाली तिचं तोंड एवढं बारीक दिसत होतं, की जयमालाला एक क्षण कुणी दुसरीच बाई बसल्यासारखं वाटलं.

"झावळी कुठंय?"

"दिली."

"मी म्हनले हुते द्यायची न्हाई."

"चर्चनं मागितली, दिली. सगळ्यांनी दिली."

"सगळ्यांच्या झावळ्या सगळ्यांच्या हुत्या! ती त्याची हुती. त्यानं हातानं विनली हुती. तुला ठावं हाय ती आज कुनाच्या कपाळाला हाय? मी बघून आले. माझ्या पंपावर आला हुता. माझ्या भावाची झावळी डोक्याला लावून नगरला हिंडतोय तो!"

आईचा हात सुपात थांबला. "तुज्याबी कपाळाला तीच लागनार हाय," ती म्हणाली. "माज्याबी तीच हाय. मला त्याची वाटली सकाळी. फादरनी अंगठा टेकवला तवा मला वाटलं, पोरगं आलं माजं."

"तू त्याला माफ केलंस. तुझं तोंड बघून कळतं. दोन महिन्यात माफ! चहा पाजून!"

"कुनी सांगितलं तुला, केलं म्हनून?" आई एकदम जोरात म्हणाली आणि सूप खाली ठेवलं. डाळ सांडली. "सकाळी करते. मिस्साला गुडघं टेकते आन् करते. अन् सांजच्याला चूल पेटवताना ते उतरलेलं असतं. समदं. जसंच्या तसं. मला वाटतं जाऊन त्याच्या भारतीच्या म्होरं उभं राहावं आन् म्हनावं, तुझं कुकू जाऊ दे. मग परत सकाळी करते. माझं हे असं हाय. तुला काय वाटलं, एकदा केलं की झालं? दार लावल्यावानी?"

असं अंगावर आलं की जयमालाच्या हातांना काहीतरी लागायचं. शाळेत कंपासपेटी होती. ती मागच्या दारी गेली, घागर उचलून बाजूला ठेवली, ठेवली म्हणजे आपटली, आणि धोंडा उचलला. तो तिला वाटला होता त्याच्यापेक्षा गार होता. पाण्याच्या थेंबांनी वरचा भाग शेवाळला होता आणि खालचं ग्रीस तसंच होतं. स्कूटीवर चढवताना आईनं काही विचारलं असेल, तिनं ऐकलं नाही.

ओढ्याच्या पलीकडं उतारावर वाट वळते, तिथं दोन्ही बाजूंनी वेडी बाभळ वाढलीय. त्या वाटेचं शेवटचं घर सूर्यभानचं. नाताळानंतर त्यानं ट्रॅक्टर सोडला होता, नगरच्या एमआयडीसीत हमालीला जायचा, अंधार पडताना ह्याच उतारावरून घरी. तिनं धोंडा वाटेच्या मधोमध ठेवला. वळणाच्या लगेच पुढं, जिथं दिवा पडेपर्यंत चाक पोचलेलं असतं. ठेवून दोन पावलं मागं आली आणि बघितलं. मग परत पुढं झाली आणि तो वीतभर डावीकडं सरकवला. चाकोरी तिथून जात होती. ते करताना तिच्या मनात राग नव्हता. तेच तिला नंतर सारखं आठवत राहिलं: राग नव्हता, नुसता नीटनेटकेपणा होता, घरात खाट हलवून बघावी तसा. कळू दे त्याला, असं काहीतरी ती स्वतःला म्हणत होती. काय कळू दे, त्याच्यापुढं ती जात नव्हती.

मग ती चर्चला गेली, कारण घरी जायचं नव्हतं आणि दुसरीकडं जायला जागा नव्हती. संध्याकाळच्या मिस्साला कामावरून येणारी माणसं असतात. शेवटच्या बाकावर आक्काबाई होती, वर्षानुवर्षं तीच जागा धरून बसणारी म्हातारी. तिनं सरकून जागा दिली आणि नाक वर केलं. "काय गं, पेट्रोल पिऊन आली का?"

"पायावर सांडलंय."

"मग मेनबत्तीपासून लांब बस माय. आमाला आजूक ईस्टर बघायचाय."

फादर बोलत होते. रविवारी बोलले होते तेच, परत. यंदा उपवासकाळात नवं काही करू नका. मटण सोडलं, चहा सोडला, मोबाईल सोडला, हे दरसालचं आहे. यंदा एकच करा. प्रभूची प्रार्थना रोज म्हणताच, ती हळू म्हणा. एका श्वासाला एक शब्द. ज्या शब्दाला अडेल, तिथं थांबा. पुढं ढकलू नका. रविवारी ह्यावर आक्काबाई मोठ्यानं म्हणाली होती, "फादर, येवढ्या सावकाश म्हनलं तर माझं दूध उतू जाईल," आणि सगळं चर्च हसलं होतं, फादरसुद्धा. आज कुणी हसलं नाही. आज सगळे उभे राहिले आणि हळू म्हणायला लागले.

जयमाला तुषारच्या मातीपासून ती प्रार्थना एका खास पद्धतीनं म्हणत आली होती. क्षमेची ओळ आली की ती गाडी खड्डा चुकवते तशी बाजूनं जायची. ओठ हलवायची, आवाज काढायची नाही आणि भाकरीच्या ओळीवरून थेट शेवटावर उतरायची. भरधाव म्हणताना हे कुणाला कळत नाही. पण आज सगळं चर्च एका श्वासाला एक शब्द टाकत होतं आणि प्रत्येक शब्दाच्या मागं एवढी मोठी शांतता येत होती, की तिच्यात बाकाचं लाकूड करकरलेलं ऐकू यायचं. बाप. श्वास. स्वर्ग. श्वास. वेदीवरच्या मेणबत्त्या, आक्काबाईची घरघर, पेट्रोलचा वास. भाकरी. श्वास. आणि मग ती ओळ आली, सावकाश, उतारावरून येणाऱ्या दिव्यासारखी. बाजूला व्हायला जागाच नव्हती. आम्ही जसं दुसऱ्याचं सोडून दिलं, तसं तू आमचं सोडून दे. जसं. त्या शब्दावर ती अडली. बाकीचे पुढं गेले. तिच्या डोळ्यापुढं धोंडा होता, वीतभर डावीकडं सरकवलेला. तिनं ठेवलेला. जसं. म्हणजे तिनं जे केलं असेल, त्याच मापानं मिळणार होतं. पायाखालची फरशी गार होती आणि तो गारवा वर वर चढत होता.

राखेची रांग लागली. सकाळी ज्यांना जमलं नव्हतं ते उठले. तीही उठली, कारण आक्काबाईनं कोपर मारलं. तिच्या पुढं एक बाई होती, पदर डोक्यावर घेतलेली. बाईनं मागं वळून बघितलं. भारती, सूर्यभानची बायको. दोन महिन्यांत दोघी एकमेकींपुढं आल्या नव्हत्या. भारतीनं नजर खाली टाकली, मग धीर करून म्हणाली, "ड्युटी सुटली का गं, जयू?"

जयमालानं हूं केलं. मग तिला भारतीच्या बाजूची मोकळी जागा दिसली. तिथं नेहमी तिची सात वर्षांची पोरगी राजेश्वरी असायची, दोन वेण्यांची, मिस्साभर फरशीच्या रेघा पायानं मोजणारी.

"राजू कुठंय?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिला ओळखू आला नाही.

"क्लास लावलाय ना तिला, फाट्यावर. हे येता येता घेऊन येत्यात. म्होरं टाकीवर बसवत्यात, लई सांगितलं मागं बसव म्हनून, तर ती ऐकत न्हाई. तिला दिवा बघायचा असतो." भारती थोडी हसली. "येतीलच आता. टाईम झाला."

फादरचा अंगठा वाटीत बुडाला. काळा होऊन वर आला. पुढं भारती होती आणि भारतीनंतर ती. त्या वाटीत कुठंतरी एक वाकडा हात होता, शिंदीचा. आगपेटे, लागंल कधी. जयमाला रांगेतून बाहेर पडली. कुणीतरी तिचं नाव घेतलं. ती मधल्या वाटेनं धावली, देवळात कुणी धावत नाही हे माहीत असून धावली, आणि स्कूटीची चावी तिच्या हातातून दोनदा पडली.

ओढ्यापर्यंतची वाट तिला कळलीच नाही. एकच कळत होतं, की ती प्रार्थना करत नव्हती. करायची म्हटलं तर पुढचा शब्द येत नव्हता. ती त्याच शब्दावर अडलेली होती आणि तिच्या श्वासाबरोबर तोच आत-बाहेर होत होता. उताराच्या वर आली तेव्हा खाली दिवा दिसला. हलत नव्हता. एका जागी, जमिनीच्या अंगाला, बाभळीवर पिवळा पडलेला. थांबलेला दिवा. मोरीपाशीही तुषारच्या गाडीचा दिवा असाच चालू होता म्हणत होते, बॅटरी उतरेपर्यंत. तिनं स्कूटी टाकली आणि पळत खाली गेली.

गाडी स्टँडवर होती. राजेश्वरी गाडीला टेकून उभी होती, दप्तर पोटाशी धरून, धडधाकट. आणि सूर्यभान वाटेत उकिडवा बसला होता, धोंड्यापुढं, दोन्ही हात त्याच्यावर ठेवून. जेवायला ताटापुढं बसावं तसा. कपाळावरची राख घामानं नाकापर्यंत आली होती.

"पप्पा उठत न्हाईत," राजेश्वरी जयमालाला म्हणाली. घाबरून नव्हे, तक्रारीच्या सुरात.

सूर्यभाननं मान वर केली नाही. "ह्यो तोच हाय," तो म्हणाला. "जयू, ह्यो तोच हाय. हितं लाल रंग हाय बघ. मी रोज हळू येतो. रोज वाटतं म्होरं धोंडा असंल. रोज नसतो. आन् आज हाय." त्यानं ग्रीसवरून बोट फिरवलं, हळू, आंधळ्यासारखं. "मला वाटतं मी त्या दिशीबी ह्यो उचलला असंल. उचलून हितं आनला असंल. का उचललाच न्हाई? मला आठवना झालंय. का देवानं आनून ठेवला? आज राखंच्या दिशी? तू सांग. मानसानं कसा आनला असंल ह्यो हितं?"

तो खरंच विचारत होता. डोळे तसेच होते, पंपावर मीटरकडं न बघणारे. जयमालाला दिसलं, की ती गप्प राहिली तर एवढंच पुरे होतं. आणखी काही करायची गरज नव्हती. हा माणूस इथं, ह्या उतारावर रोज थोडा थोडा वेडा होत जाईल आणि कुणाला काही कळणार नाही. कागदावर काहीतरी दुसरंच लागेल. हेच तर तिला हवं होतं. ते तिच्या हातात आलं होतं आणि हात जळत होता.

"मी ठेवला," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही.

"मी, मामा. सांजच्याला. आमच्या मागच्या दारी हुता. स्कूटीवर घालून आनला आन् ठेवला. तू पडावा म्हनून."

बाभळीत काहीतरी खुडबुडलं. राजेश्वरी एकीकडून दुसरीकडं बघत राहिली. सूर्यभाननं मान वर केली, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते जयमालानं कधीच कुणाच्या तोंडावर बघितलं नव्हतं. राग नव्हता. श्वास होता तो, लई दिवस अडकलेला.

"तू व्हय," तो म्हणाला. "तू ठेवला." आणि मग रडल्यासारखा, हसल्यासारखा, "बरं झालं बाई. बरं झालं. मला वाटलं देव."

तिनं काय म्हणायचं असतं ते तिला माहीत होतं. माफ केलं. दोनच शब्द, झिरो बघा एवढेच लहान. ते तिच्या तोंडून गेले नाहीत. त्यानंही मागितले नाहीत. तो उठायला गेला आणि धोंड्यावर हात टेकून परत बसला.

"हात लाव," तो म्हणाला. "माज्यानं आज उचलायचा न्हाई."

ती वाकली. दोघांनी दोन्हीकडून बोटं खाली घातली, त्याचं काळं नख तिच्या नखांशेजारी आलं, आणि धोंडा उचलला. तो बाभळीकडं, कडेला वळायला लागला.

"तिकडं नको," जयमाला म्हणाली. "तिथनं परत कुनीतरी आनील. वर घेऊन चल. माझ्या गाडीवर ठेव."

"घरी नेती?"

"आईची घागर कलंडती त्याच्याबिगर."

त्यानं पकड घट्ट केली. धापा टाकत त्यांनी तो उतारावर चढवला, पडलेली स्कूटी उभी केली आणि तिच्या पायांच्या जागेत ठेवला. राजेश्वरीला पुढं टाकीवर घेऊन त्यानं आपली गाडी वळवली आणि स्कूटीच्या मागं लावली. "तुझा लाईट फुटलाय," तो म्हणाला. "माज्या उजेडात चल." राजेश्वरी टाकीवरून पुढं वाकून जयमालाच्या तोंडाकडं बघत होती, पोरं बघतात तशी, डोळे न हलवता.

"ताई, तुला राख न्हाई लावली?"

"न्हाई," जयमाला म्हणाली.

मग ती निघाली. दोन्ही पाय धोंड्याच्या दोन बाजूंना टांगलेले, ग्रीस पोटरीला लागत होतं. मागून त्याचा दिवा येत होता आणि तिची सावली तिच्या पुढं पुढं पळत होती, लांबलचक, हात नसलेली. रस्त्यावरचा एकेक खडा दिसत होता. जसं हा शब्द अजून तिथंच होता, जिथं अडला होता तिथं, एका श्वासाला एकदा. त्याच्या पुढचा आलेला नव्हता. तिनं तो पुढं ढकलला नाही.